आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची परवडणारी सहल: एकच सिंह, दोन दर

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान आणि त्याला पश्चिमेकडून लागून असलेले साबी सँड हे खाजगी अभयारण्य यांच्यामधील कुंपण १९९३ साली काढून टाकण्यात आले. तेव्हापासून सिंह, हत्ती आणि बिबटे या दोन्ही क्षेत्रांत मुक्तपणे संचार करीत आहेत. पर्यटकांच्या बाबतीत मात्र ते कुंपण आजही उभे आहे, आणि ते तारेचे नसून दराचे आहे. सरकारी उद्यानातील दोन माणसांच्या साध्या बंगलीचे एका रात्रीचे भाडे साधारणपणे दीड ते अडीच हजार रँडच्या दरम्यान असते. पलीकडच्या खाजगी निवासांत हाच आकडा माणशी दहा हजार रँडपासून सुरू होतो आणि नामांकित ठिकाणी तीस हजारांच्याही वर जातो. सकाळी एका बाजूला दिसलेला सिंह सायंकाळी दुसऱ्या बाजूला दिसू शकतो.

आफ्रिकेची सहल म्हणजे श्रीमंतांची चैन, हा समज भारतीय मध्यमवर्गात अद्याप टिकून आहे. कोविडपूर्वी २०१९ साली दक्षिण आफ्रिकेस भेट देणाऱ्या भारतीयांची संख्या लाखाच्या आतच होती. थायलंड किंवा दुबईला जाणाऱ्यांशी तिची तुलनाही होऊ शकत नाही. या समजात तथ्य नाही असे नाही. पण तो प्रदेशातील एका विशिष्ट प्रकारच्या पर्यटनाला लागू पडतो. त्याचा उगम भौगोलिक अंतरापेक्षा तेथील देशांनी वेळोवेळी स्वीकारलेल्या धोरणांत अधिक आहे. ही धोरणे समजून घेतली, तर कोणत्या देशात, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या छताखाली मुक्काम करावा, या प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

बोत्स्वानाचे उदाहरण सर्वात स्पष्ट आहे. त्या देशाने १९९० च्या पर्यटन धोरणापासून कमी पर्यटक आणि अधिक उत्पन्न हे सूत्र अंगीकारले. ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश समुद्राला न मिळता वाळवंटात जिरतो. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला, तेव्हा तो त्या यादीतील हजारावा वारसा ठरला. या पाणथळ प्रदेशातील बहुतेक निवासस्थानी माऊन गावाहून लहान विमानाने जावे लागते, आणि विमानभाडे, भोजन, वाटाडे व जीपफेऱ्या या सर्वांचा एकत्रित दर अमेरिकी डॉलरमध्ये आकारला जातो. गर्दी नसल्यामुळे तेथील निसर्ग सुरक्षित राहिला, हे या धोरणाचे यश नाकारता येणार नाही. परंतु त्याच धोरणामुळे मध्यमवर्गीय कुटुंबाला ओकावांगोचे दर्शन विमानाच्या खिडकीतूनही दुर्लभ झाले आहे.

त्यातही वाटा आहेत. माऊनमध्ये राहून स्थानिक नावाड्यांच्या मोकोरो या अरुंद होडीतून एका दिवसाची फेरी करता येते. देशाच्या ईशान्य कोपऱ्यातील कासाने या गावी साध्या गेस्टहाऊसमध्ये उतरून चोबे नदीवर दुपारच्या बोटीने गेले, तर नदीकाठी पाण्यावर येणारे हत्तींचे कळप पाहण्यास महागड्या निवासाची आवश्यकता उरत नाही. कासानेजवळच झांबेझी नदीवरील काझुंगुला पूल २०२१ साली खुला झाला आणि तराफ्यासाठी ताटकळण्याचा त्रास संपला. त्यामुळे चोबे आणि व्हिक्टोरिया धबधबा एकाच मुक्कामातून पाहणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

दक्षिण आफ्रिकेने मात्र वेगळी परंपरा जोपासली. क्रूगर उद्यानाची स्थापना १९२६ साली झाली आणि दुसऱ्याच वर्षी तेथे मोटारगाड्यांना प्रवेश देण्यात आला. सुमारे १९ हजार ५०० चौरस किलोमीटर क्षेत्राचे हे उद्यान पहिल्यापासून स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्या सामान्य कुटुंबासाठी आखले गेले. सामान्य म्हणजे अर्थातच गोरे कुटुंब. स्कुकुझा, लोअर साबी, सतारा, ओलिफंट्स, लेटाबा अशा तळांवर गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, लहान बंगल्या, तंबूंसाठी जागा, पेट्रोलपंप आणि किराणा दुकान असा संसार उभा राहिला. हीच व्यवस्था आज परदेशी पाहुण्यांनाही उपलब्ध आहे, आणि परवडणाऱ्या सहलीचा खरा आधार तीच आहे.

या व्यवस्थेचा पूर्वेतिहास भारतीय वाचकास परका वाटणार नाही. मोहनदास गांधी १८९३ साली जोहान्सबर्गला पोहोचले आणि तेथील ग्रँड नॅशनल हॉटेलात त्यांनी खोली मागितली, तेव्हा जागा नसल्याचे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. खोली का नाकारली गेली, हे त्यांना नंतर परिचितांकडून कळले. पुढे १९५३ च्या कायद्याने सार्वजनिक सोयींचे वंशानुसार विभाजन अधिकृत झाले आणि समुद्रकिनारे, बाके, विश्रामगृहे वाटली गेली. क्रूगरमध्ये कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाच्या अभ्यागतांच्या मुक्कामासाठी ओलिफंट्स नदीजवळचा बालुले हा एक छोटासा तळ ठेवण्यात आला होता. हा कायदा १९९० मध्ये रद्द झाला. बालुलेचा तळ आजही आहे. वीज नसलेल्या मोजक्या झोपड्या आणि रात्री कंदिलाचा उजेड, यांमुळे तो आता शांततेच्या शोधात असलेल्या पर्यटकांचा आवडता झाला आहे आणि उद्यानातील स्वस्त निवासांत त्याची गणना होते. इतिहासाने घेतलेली ही एक विचित्र कलाटणीच म्हणावी लागेल.

दरांच्या रचनेत आज वंशाऐवजी राष्ट्रीयत्वाचा निकष आहे. उद्यानातील प्रत्येक मुक्कामी दिवसासाठी संवर्धन शुल्क भरावे लागते. दक्षिण आफ्रिकेच्या नागरिकांना सर्वात कमी, प्रादेशिक संघटनेतील शेजारी देशांच्या नागरिकांना त्याच्या सुमारे दुप्पट आणि इतर परदेशीयांना चौपट किंवा थोडे अधिक, अशी ही उतरंड आहे. परदेशी प्रौढासाठी हे शुल्क २०२३ नंतर दिवसाला पाचशे रँडच्या वर गेले असून मुलांना साधारण निम्मे पडते. आई, वडील आणि दोन मुले यांचा तीन दिवसांचा हिशेब केला, तर केवळ शुल्कापोटी पाच हजार रँडच्या आसपास रक्कम जाते, म्हणजे जवळजवळ खोलीच्या भाड्याइतकीच. अनेक भारतीय कुटुंबांचे अंदाजपत्रक येथेच कोलमडते, कारण भाड्याची चौकशी सर्वजण करतात, शुल्काची कोणी करीत नाही. पाच-सहा दिवसांहून अधिक काळ राष्ट्रीय उद्यानांत राहावयाचे असल्यास वाइल्ड कार्ड नावाचे वार्षिक सदस्यत्व घेणे बहुधा स्वस्त पडते. कुटुंबासाठी एकच कार्ड पुरते.

परदेशीयांकडून अधिक शुल्क घेणे अन्यायाचे आहे काय, असा प्रश्न काही वेळा विचारला जातो. ताजमहालाच्या तिकीटखिडकीवर उभ्या राहिलेल्या कोणाही भारतीयाने तो विचारू नये. दक्षिण आफ्रिकेची राष्ट्रीय उद्याने चालविणारी संस्था आपल्या खर्चाचा मोठा भाग स्वतःच्याच उत्पन्नातून भागविते. २००० सालापासून उपाहारगृहे आणि काही निवासस्थाने खाजगी कंपन्यांकडे सोपविण्याचे धोरणही याच गरजेतून आले. टाळेबंदीच्या काळात पर्यटक थांबताच या व्यवस्थेचा ठिसूळपणा उघड झाला होता. स्थानिक नागरिकांसाठी २००६ पासून दरवर्षी काही दिवस विनामूल्य प्रवेशाचा सप्ताह पाळला जातो, तरीही मुक्कामाचा खर्च तेथील बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच राहिला आहे. तेव्हा परदेशी पाहुण्याला स्वस्त वाटणारी बंगली उद्यानाच्या वेशीवरील गावात राहणाऱ्याला स्वस्त असतेच असे नाही.

चलनाचा विचार केल्यास भारतीयांना काळ अनुकूल ठरला आहे. फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धेच्या वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, एका रँडसाठी सहा रुपयांहून अधिक मोजावे लागत. २०२३ च्या सुमारास हा दर साडेचार रुपयांच्या आसपास आला. त्यानंतर त्यात चढउतार होत राहिले. नामिबिया, लेसोथो आणि २०१८ पर्यंत स्वाझीलँड म्हणून ओळखला जाणारा इस्वातिनी या तीन देशांची चलने रँडशी एकास एक या प्रमाणात बांधलेली असून तेथे रँडच्या नोटाही चालतात. याउलट झिंबाब्वे, झांबिया आणि बोत्स्वाना येथील पर्यटनाचे दर प्रामुख्याने डॉलरमध्ये ठरतात. रुपया डॉलरपुढे घसरत असताना रँडच्या प्रदेशात अधिक दिवस आणि डॉलरच्या प्रदेशात कमी दिवस, असे नियोजन करणे हिताचे ठरते. झिंबाब्वेने एप्रिल २०२४ मध्ये झिग हे नवे चलन आणले, तरी पर्यटकाच्या खिशात सुट्या डॉलरच्या नोटा असणे तेथे आजही सोयीचे आहे.

व्हिक्टोरिया धबधब्याच्या बाबतीत काठाची निवडही खिशाशी निगडित आहे. झिंबाब्वेच्या बाजूने धबधब्याचा अधिक भाग दिसतो आणि प्रवेशशुल्कही बरेच अधिक आहे. झांबियाच्या बाजूला लिव्हिंगस्टन शहरात पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्यांसाठीची वसतिगृहे आणि साधी गेस्टहाऊसे आहेत, परंतु ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या बाजूचे कडे जवळपास कोरडे पडतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी केवळ स्वस्ताईकडे पाहून झांबियाचा काठ निवडल्यास पदरी निराशा येण्याचा संभव आहे. एप्रिल-मे महिन्यांत याच्या उलट स्थिती असते. पाणी इतके असते की तुषारांच्या पडद्याआड धबधबाच दिसेनासा होतो.

कधी जावे, हा प्रश्न कोठे राहावे याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि येथे महाराष्ट्रातील कुटुंबांच्या पारड्यात एक मोठी सोय पडली आहे. दक्षिण गोलार्धात मे महिना हिवाळ्याच्या तोंडावर येतो. झाडोरा विरळ होऊ लागतो, पाणवठे आटतात, प्राणी उरलेल्या पाण्यावर जमू लागतात आणि डासही कमी होतात. दक्षिण आफ्रिकेच्या शाळांची हिवाळी सुट्टी मात्र जूनच्या अखेरीस सुरू होते. म्हणजे आपल्या शाळांना सुट्टी असते आणि त्यांच्या शाळा भरलेल्या असतात. क्रूगरच्या तळांवर आरक्षण मिळणे त्या काळात तुलनेने सोपे असते. याउलट डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत संपूर्ण दक्षिण आफ्रिका सुट्टीवर असते. केपटाऊन आणि डर्बनच्या किनाऱ्यावरील दर त्या वेळी गगनाला भिडतात. नाताळच्या सुट्टीची सोय पाहून तिकिटे काढणारे प्रवासी वर्षातील सर्वात महागडा पंधरवडा निवडत असतात.

मे महिन्याचीही एक अडचण आहे. केपटाऊनच्या परिसरात पाऊस हिवाळ्यात पडतो. मेच्या अखेरीपासून टेबल माउंटन ढगांत हरवू लागतो आणि वाऱ्यामुळे रज्जुमार्ग बंद राहण्याचे प्रसंग येतात. मात्र याच काळात तेथील गेस्टहाऊसांचे दर उतरलेले असतात. पावसाळी महाबळेश्वराची गोडी ज्यांना कळते, त्यांना हा सौदा वाईट वाटू नये.

केपटाऊनमधील निवासाच्या प्रश्नाला आता एक नवा पैलू प्राप्त झाला आहे. या शहरात अल्पकालीन भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची संख्या वीस हजारांच्या वर गेली आहे. चार-पाच जणांच्या कुटुंबास स्वयंपाकघर असलेले घर हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा स्वस्त पडते. यात पर्यटकाचा फायदा उघड आहे. परंतु सी पॉइंट किंवा बो-काप यांसारख्या वस्त्यांतील घरे पाहुण्यांसाठी राखली जात असल्याने स्थानिक भाडेकरू दूर लोटले जातात, ही तक्रार तीव्र झाली आहे. ज्या शहराने डिस्ट्रिक्ट सिक्ससारखी वस्ती १९६६ च्या एका घोषणेनंतर उठविली जाताना पाहिली, तेथे विस्थापनाचा हा विषय केवळ अर्थशास्त्राचा राहत नाही. घरमालक स्वतः राहत असलेल्या गेस्टहाऊसमध्ये उतरणे हा त्यावरचा एक मधला मार्ग म्हणता येईल. न्याहारी मिळते, गाडी कोठे लावावी आणि सायंकाळनंतर कोणत्या रस्त्याने पायी जाऊ नये, याची खात्रीची माहितीही मिळते. शहरातील मुक्कामात ही माहिती खोलीच्या भाड्याइतकीच मोलाची असते, कारण वस्ती चुकली तर वाचलेले पैसे रात्रीच्या टॅक्सीत खर्ची पडतात.

नामिबियात आर्थिक गणित पुन्हा बदलते. निवास स्वस्त मिळतो, अंतरे मात्र महाग पडतात. विंडहोकहून एटोशा उद्यानाचे दक्षिण द्वार चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. सार्वजनिक वाहतूक पर्यटनस्थळांपर्यंत जवळजवळ नाहीच, आणि देशातील बहुसंख्य रस्ते खडीचे आहेत. त्यामुळे छतावर तंबू बसविलेली भक्कम गाडी भाड्याने घेणे, म्हणजेच वाहन आणि निवास एकत्र करणे, हा तेथील रुळलेला प्रकार आहे. चौघांत तो खर्च विभागला जातो. दोघांना तो जड जातो. एटोशातील ओकाउक्वेयो या सरकारी तळाच्या कुंपणालगतच पाणवठा असून रात्री त्यावर दिवे सोडलेले असतात. तंबूच्या जागेचे भाडे भरणारा आणि महागड्या खोलीत उतरणारा, दोघेही त्याच बाकांवर बसून त्याच गेंड्याची वाट पाहतात. १९९६ च्या कायद्याने नामिबियातील ग्रामीण समूहांना आपल्या भूमीवरील वन्यजीवांच्या व्यवस्थापनाचे हक्क दिले. अशी ऐंशीहून अधिक संवर्धन क्षेत्रे आज अस्तित्वात आहेत. त्यांच्या साध्या तळांवर राहिल्यास भाड्याचा काही हिस्सा गावात राहतो.

गाडी चालविण्याच्या बाबतीत भारतीयांना परकेपणा वाटण्याचे कारण नाही. या सर्व देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. आंतरराष्ट्रीय चालक परवाना मायदेशातूनच काढून नेणे इष्ट. खरा फटका बसतो तो विम्याच्या अटींत. खडीच्या रस्त्यावर फुटलेली काच आणि फाटलेला टायर अनेकदा मूळ विम्यात समाविष्ट नसतात, आणि गाडी ताब्यात घेताना क्रेडिट कार्डावर मोठी अनामत रक्कम अडकवून ठेवली जाते. सीमा ओलांडावयाची असल्यास भाडेकंपनीचे वेगळे पत्र लागते. शिवाय, रात्रीचा प्रवास टाळावा लागतो. क्रूगरच्या तळांचे दरवाजे सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात आणि आत वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर इतकीच असते. नकाशावर जवळ वाटणारे दोन तळ प्रत्यक्षात अर्ध्या दिवसाच्या अंतरावर असतात. तीन दिवसांत तीन तळ बदलण्यापेक्षा एकाच ठिकाणी तीन रात्री काढणारा प्रवासी अधिक प्राणी पाहतो, आणि त्याचे पेट्रोलही वाचते.

शाकाहारी कुटुंबांना स्वतः रांधण्याची सोय असलेले निवास दुहेरी लाभाचे ठरतात. बंगलीच्या ओट्यावर दोन शेगड्या, फ्रिज आणि भांडी असतात. बाहेर निखाऱ्यांवर भाजण्यासाठी जाळी असते. तांदूळ, डाळी, भाज्या साध्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. मक्याच्या पिठाची पॅप नावाची घट्ट उकड आणि भाज्यांचे तिखट चकलाका हे तेथील सामान्य माणसाचे जेवण आहे, आणि ते भाकरी-पिठल्याच्या माणसाला रुचावे असेच आहे. डर्बनमध्ये तर हा प्रश्न उद्भवतच नाही. पोखरलेल्या पावात घेवड्याची उसळ भरून दिला जाणारा बनी चाऊ हा तेथील भारतीय समाजाचाच आविष्कार आहे.

लहान मुले सोबत असल्यास हिवतापाचा विचार स्थाननिवडीतच करावा लागतो. क्रूगरचा सखल भाग हिवतापप्रवण क्षेत्रात मोडतो. जोहान्सबर्गच्या वायव्येस काही तासांवर असलेले पिलानेसबर्ग आणि पोर्ट एलिझाबेथ, म्हणजे २०२१ पासून क्यबेरा असे नाव धारण केलेल्या शहराजवळचे अॅडो हत्ती उद्यान, ही दोन्ही हिवतापमुक्त आहेत. दोन्हींत स्वतःच्या गाडीने फिरता येते.

या साऱ्या नियोजनात सर्वात मोठी खीळ मात्र प्रवासाच्या आरंभीच बसते. साउथ आफ्रिकन एअरवेजने मुंबई ते जोहान्सबर्ग ही थेट सेवा २०१५ मध्ये बंद केली. तेव्हापासून मुंबईकर प्रवासी प्रामुख्याने अदिस अबाबा, नैरोबी, दुबई किंवा दोहामार्गे जातात. आफ्रिकी शहरांमार्गे तिकीट अनेकदा स्वस्त मिळते. पण तेथील थांबा बारा तासांहून अधिक झाल्यास दक्षिण आफ्रिकेत प्रवेश करताना पीतज्वराच्या लसीचा दाखला मागितला जातो. तिकिटात वाचलेले पैसे दाखल्याअभावी परत पाठविले जाण्यात घालविण्यापेक्षा वेळापत्रक आधी तपासणे शहाणपणाचे.

व्हिसाच्या बाबतीत दक्षिण आफ्रिकेने २०२५ च्या आरंभी भारत आणि चीनमधील गटांसाठी विश्वासार्ह सहल संयोजकांची योजना सुरू केली. निवडक कंपन्यांनी सादर केलेल्या गटांचे अर्ज कमी कागदपत्रांवर आणि लवकर निकाली काढावेत, असा तिचा हेतू आहे. विलंबाबद्दलच्या जुन्या तक्रारी पाहता हे पाऊल स्वागतार्हच होते. तथापि या सवलतीचा ओघ मोठ्या कंपन्यांच्या गटसहलींकडे जातो, आणि या सहली बहुधा चार तारांकित हॉटेले, भारतीय जेवण व मोजक्या ठिकाणांची धावती भेट अशाच साच्याच्या असतात. स्वतः आखणी करून सरकारी तळांवर राहू इच्छिणाऱ्या कुटुंबाला, म्हणजे ज्याला माफक खर्चाची सर्वाधिक गरज आहे त्याला, योजनेच्या आरंभी जुन्याच मार्गाने बँकेची विवरणे, प्रवासाचा आराखडा आणि निवासाच्या आरक्षणाचे कागद जोडावे लागत होते.

यातून एक पेच उभा राहतो. क्रूगरचे आरक्षण सुमारे अकरा महिने आधी खुले होते आणि लोअर साबीसारखे नदीकाठचे तळ लवकर भरतात. व्हिसा मात्र प्रवासाच्या तोंडावरच हाती येतो. व्हिसा नाकारला गेल्यास आरक्षणाची रक्कम पूर्ण परत मिळत नाही. जितका उशीर, तितकी कपात अधिक. जाणकार प्रवासी म्हणून उद्यानातील मोजक्या रात्री आधी राखून ठेवतात आणि शहरांतील मुक्कामासाठी विनामूल्य रद्द करता येणारी गेस्टहाऊसे निवडतात. उद्यानांचे नवे शुल्कदर दरवर्षी नोव्हेंबरपासून लागू होतात, तेव्हा पुढील मे महिन्याचा हिशेब मांडताना चालू नव्हे, तर नोव्हेंबरनंतरचे दर धरावे लागतात.